रोखलेली बॅच बिलात कशी आली? कॅशमधल्या शिळ्या नोंदीचं एक प्रकरण

सकाळी साडेअकराच्या सुमारास सदाशिव पेठेतल्या गोडाऊनमधून फोन आला. चेकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या ताईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांची काही पाकिटं बाजूला काढून ठेवली होती. "ही बॅच मी स्वतः पावणेअकराच्या आधी सिस्टिममध्ये रोखली आहे. कंपनीचं पत्र माझ्यासमोर आहे. मग सव्वाअकराला हिचं बिल फाटलंच कसं?"

माल दुकानात पोचला नव्हता. पोचला नाही तो ताईंमुळे. आमच्या सॉफ्टवेअरचा त्यात काहीही वाटा नव्हता. पत्र त्यांनी टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं आणि प्रत्येक पाकिटाचा बॅच नंबर त्या डोळ्यांनी ताडून बघत होत्या. त्या दिवशी त्या रजेवर असत्या, तर ज्या गोळ्या विकू नका असं कंपनीने कळवलं होतं, त्या संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी घरी गेल्या असत्या. हे प्रकरण इतक्या तपशिलाने लिहायचं कारण तेच.

पुण्यात औषधांचे घाऊक विक्रेते सदाशिव पेठेत दाटीने आहेत. तिथल्याच एका स्टॉकिस्टसाठी आमची टीम ऑर्डर आणि बिलिंगची सिस्टिम सांभाळत होती. शहरभरचे केमिस्ट मोबाइलवरून ऑर्डर टाकतात, साडेनऊ ते साडेअकरा हा सगळ्यात गर्दीचा वेळ. या धंद्यात बॅच हा जिवाचा शब्द आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी जाहीर करते, तीही बॅच नंबरसकट. एकाच गोळीची एक बॅच चांगली आणि दुसरी थांबवलेली, असं होऊ शकतं. म्हणून आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक बॅचची वेगळी ओळ होती: साठा, एमआरपी, एक्स्पायरी आणि स्थिती, म्हणजे 'चालू' किंवा 'रोखलेली'.

रचना नेहमीचीच. क्लाउडवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्याची एक प्रायमरी, म्हणजे मूळ प्रत, आणि दोन रेप्लिका, म्हणजे तिच्या मागोमाग बदलत जाणाऱ्या नकला. लिहिणं फक्त प्रायमरीवर, वाचणं रेप्लिकांवरून. त्यांच्या पुढे रेडिसचा कॅश. (काउंटरवरच्या काकांना फोनवर "कॅश साफ करतो" म्हटलं तेव्हा ते क्षणभर दचकले होते. या लेखात कॅश म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे. पुन्हापुन्हा लागणारी माहिती हाताशी, मेमरीत ठेवायची जागा.) बॅचची माहिती आधी कॅशमध्ये शोधायची, नसेल तर रेप्लिकाकडून आणून कॅशमध्ये भरायची, मुदत एक तास. बॅच बदलली की प्रायमरीवर कमिट करायचं, म्हणजे बदल पक्का करायचा, आणि कॅशमधली नोंद पुसायची. बहुतेक ठिकाणी हेच करतात, आणि बहुतेक दिवस ते चालतं.

पहिला तपास

डेटाबेसमध्ये बॅच १० वाजून ४२ मिनिटांनी रोखल्याची नोंद स्पष्ट होती. कॅशमधली नोंद पुसल्याचा लॉगही त्याच सेकंदाचा. तरीही ११ वाजून १७ मिनिटांनी बिलिंगला कॅशमधून मिळालं: स्थिती चालू. पुसलेली नोंद परत आली होती, आणि जुन्याच मजकुरासह.

कॅशमध्ये कोण, कधी, काय भरतं याचा लॉग आम्ही ठेवतच नव्हतो. पुसण्याची नोंद होती, भरण्याची नव्हती. त्यामुळे पुराव्याच्या जागी अंदाज आला. तो अंदाज चुकीचा नव्हता, अपुरा होता.

अंदाज असा. गोडाऊनमध्ये एक रजिस्टर आहे आणि काउंटरवर एक पाटी. पाटी कोरी दिसली म्हणून एक मुलगा आत जाऊन रजिस्टर बघतो, 'चालू' असं लक्षात ठेवून परत निघतो. तो वाटेत असताना ताई रजिस्टरमध्ये 'रोखली' लिहितात आणि बाहेर येऊन पाटी पुसतात. पाटी आधीच कोरी असते, तरी पुसतात. मग मुलगा पोचतो आणि पाटीवर लिहितो: चालू. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. पाटी मात्र आता तासभर खोटं बोलणार, कारण पुन्हा ती पुसायला कुणी येणार नाही.

चाचणीत आम्ही वाचणं आणि भरणं यांच्या मधे मुद्दाम दोन सेकंदांची झोप घातली. दर वेळी शिळी नोंद तयार झाली. आम्हाला वाटलं, सापडलं.

उपाय दोन केले. मुदत एका तासावरून पाच मिनिटांवर आणली, आणि नोंद एकदाऐवजी दोनदा पुसायला लागलो: कमिटनंतर लगेच आणि पुन्हा एका सेकंदाने, म्हणजे वाटेतला मुलगा पोचल्यानंतर. शिवाय कॅशमध्ये भरण्याचा लॉग सुरू केला. या तिन्हींपैकी खरोखर उपयोगी पडला तो लॉग.

बैठकीत आणखी एक सूचना आली होती: डेटाबेस मुंबईऐवजी पुण्यातच ठेवला तर? ती वेडगळ नव्हती. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅझ्युअरचा 'सेंट्रल इंडिया' विभाग २०१५ पासून पुण्यातच आहे. पण हिशेब मांडून बघितला. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. तेवढा वेळ वाचवला, तरी मुलगा आधी पोचतो की ताई, हा प्रश्न तसाच राहतो. वाट आखूड झाली म्हणून आधीचं आधी आणि नंतरचं नंतर पोचेल याची हमी मिळत नाही.

दुसऱ्यांदा

पुढच्याच महिन्यात एका केमिस्टची तक्रार आली: एमआरपी दुरुस्त केल्यानंतरही ॲपवर जुनी किंमत दिसली, थोड्या वेळाने आपोआप बदलली. मुदत पाच मिनिटांची असल्यामुळे खूण मिटून गेली होती. मुदत कमी करण्याबद्दलचा माझा मुख्य आक्षेप तेव्हापासून हाच आहे: चूक होणं थांबत नाही, ती फक्त तपासायला मिळेनाशी होते. वर सकाळच्या गर्दीत डेटाबेसवरचा भार वाढला तो वेगळाच.

या वेळी मात्र भरण्याचा लॉग होता. त्यात दिसलं, की जुनी किंमत कॅशमध्ये भरली गेली ती दुसऱ्यांदा पुसल्यानंतर तब्बल नऊ सेकंदांनी. आमच्याकडे कोणतीही विनंती तीन सेकंदांत पुरी झाली नाही तर तोडली जाते. म्हणजे हा वाटेत रेंगाळलेला मुलगा असूच शकत नव्हता. तो पाटी पुसल्यानंतर आत गेला होता, त्याने रजिस्टर नीट वाचलं होतं, आणि रजिस्टरमध्येच जुनं लिहिलेलं होतं.

रजिस्टर म्हणजे रेप्लिका.

रेप्लिका प्रायमरीच्या मागे असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मागे म्हणजे काही मिलिसेकंद, असं आम्ही मनात धरून चाललो होतो. आलेख उघडून बघितला. महिनाभर रेप्लिका जवळजवळ बरोबरीने चालत होती. एका दिवशी सकाळी मात्र ती कधी चाळीस सेकंद, कधी दोन मिनिटं, एकदा तर चार मिनिटांहून अधिक मागे पडली होती. त्याच्या आधीच्या महिन्यातही तसंच, त्याच तारखेला. दहा तारीख. ताईंचा पहिला फोनही दहा तारखेचाच होता.

जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायची मासिक मुदत अकरा तारखेला संपते. त्यामुळे दहाला सकाळी अकाउंट्समधून महिन्याच्या विक्रीचा भलामोठा रिपोर्ट काढला जायचा. तो प्रायमरीवर ताण नको म्हणून रेप्लिकावर चालायचा, आणि तेवढ्यापुरता तो निर्णय योग्यच होता. पण पोस्टग्रेसची एक गोष्ट इथे आडवी येते. ओळ बदलली की तिची जुनी प्रत लगेच जात नाही; व्हॅक्यूम नावाची सफाई ती नंतर काढते. साठ्याच्या ओळी सकाळी सतत बदलतात, त्यामुळे प्रायमरीवर ही सफाईही सतत चालते. ती पोस्टग्रेसच्या स्वतःच्या लॉगमधून (प्रायमरीवरच्या बदलांची ओळीने नोंद, जी लागू करत रेप्लिका पुढे सरकते) रेप्लिकाकडे जाते, आणि तिथे लांबलचक रिपोर्ट नेमक्या त्याच जुन्या प्रती वाचत बसलेला असतो. आता रेप्लिकापुढे दोनच मार्ग: रिपोर्ट तोडायचा, किंवा लॉग थांबवायचा. किती वेळ थांबायचं हे 'मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले' या सेटिंगवर ठरतं, आणि पोस्टग्रेसने ते मुळात तीस सेकंद ठेवलेलं आहे.

आमच्याकडे ते पाच मिनिटं होतं. रिपोर्ट मधेच तुटतो अशी तक्रार आल्यावर कित्येक महिन्यांपूर्वी आमच्यातल्याच एकाने ते वाढवलं होतं. ज्याने वाढवलं त्याला मी दोष देणार नाही. त्याच्यासमोर आलेला प्रश्न त्याने बरोबर सोडवला होता. फक्त, रेप्लिकावर लॉग ओळीने, एकामागून एक लागू होतो. सफाईची एक नोंद अडली की तिच्या मागचं सगळं अडतं, आणि त्या रांगेत 'बॅच रोखली' हेही उभं असतं. तोवर रेप्लिका विचारणाऱ्या प्रत्येकाला जुनं उत्तर देणार. आम्ही एका सेकंदाने पुन्हा पुसत होतो. रेप्लिका पाच मिनिटं मागे असताना एका सेकंदाचा काय पाड लागणार?

'हॉट स्टँडबाय फीडबॅक' चालू केलं तर रेप्लिका प्रायमरीला कळवते की या प्रती अजून काढू नको. पण मग कचरा प्रायमरीवर साचतो, आणि तोही नेमका सकाळच्या गर्दीत. आम्ही रिपोर्टसाठी तिसरी, स्वतंत्र रेप्लिका घेतली आणि ॲपच्या रेप्लिकांवर ते सेटिंग पुन्हा तीस सेकंदांवर आणलं. त्याने दहा तारखेचं संकट गेलं. मूळ भेग तिथेच होती, आता ती तीस सेकंदांची होती एवढंच.

आवृत्ती

इथवर आल्यावर आम्ही 'किती वेळ' हा प्रश्न सोडला आणि 'कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं' हा धरला. कॅशला दोन उत्तरं मिळाली, तर त्यातलं नवं कोणतं हे त्याला कळायला हवं. वेळ मोजून ते कळत नाही.

पहिला विचार 'शेवटचा बदल' हा वेळेचा रकाना वापरायचा होता. तो टाकून दिला. पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' हे फंक्शन व्यवहार (डेटाबेसमध्ये एकत्र पक्के होणारे बदल) सुरू झाल्याची वेळ देतं, कमिट झाल्याची नाही. आधी सुरू होऊन नंतर कमिट झालेला व्यवहार स्वतःवर जुनी वेळ छापून जातो. त्याऐवजी प्रत्येक ओळीला एक साधा आकडा दिला, आवृत्ती, आणि ओळ बदलली की ट्रिगर, म्हणजे डेटाबेसमध्येच आपोआप चालणारा नियम, तो एकने वाढवतो. एकाच ओळीवरचे बदल डेटाबेस तिला लावत असलेल्या कुलपामुळे एकापाठोपाठ एकच होतात, त्यामुळे हा आकडा क्रम चुकत नाही.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा. नोंद पुसणं आम्ही बंद केलं. पुसली की पाटी कोरी होते, आणि कोऱ्या पाटीला काही आठवत नाही. जो पहिला येईल त्याचं ती ऐकते. आता कमिटनंतर त्या जागी एक खूण ठेवली जाते: 'या बॅचची आवृत्ती १८ च्या खालची चालणार नाही.' खुणेची मुदत दहा मिनिटं, म्हणजे आम्ही पाहिलेल्या सगळ्यात मोठ्या विलंबापेक्षा बरीच जास्त.

वाचणाऱ्याला खूण दिसली आणि रेप्लिकाने आवृत्ती १७ दिली, तर तो ती टाकून थेट प्रायमरीकडे जातो. वाटेत रेंगाळलेला मुलगा १७ घेऊन पोचला, तर पाटीच त्याला परत पाठवते. कारण भरणं आता रेडिसमधल्या एका छोट्या ल्युआ स्क्रिप्टमधून होतं: आलेली आवृत्ती तिथल्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी असेल तरच लिही. रेडिस अशी स्क्रिप्ट अखंड चालवतं, मधे दुसरी आज्ञा घुसत नाही. दोन्ही भेगा या एकाच नियमाने बुजल्या. दुसऱ्यांदा पुसणं काढून टाकलं, मुदत पुन्हा एक तास केली.

यातलं काहीच आमच्या डोक्यातून पहिल्यांदा निघालेलं नाही. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ साली मेमकॅश या त्यांच्या कॅशबद्दल लिहिलेल्या शोधनिबंधात हे दोन्ही प्रश्न आहेत. शिळी नोंद भरली जाऊ नये म्हणून त्यांनी 'लीज' दिली: कॅशमध्ये नोंद नसेल तर वाचणाऱ्याला एक टोकन मिळतं, मधल्या काळात नोंद पुसली गेली तर ते टोकन रद्द होतं आणि त्याचं भरणं नाकारलं जातं. ही लीजची कल्पना वितरित फाइल सिस्टिमसाठी ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ मध्येच मांडली होती. दूरच्या विभागातली रेप्लिका मागे असेल तर फेसबुकवाले 'रिमोट मार्कर' ठेवत. तो दिसला की वाचणारा मुख्य विभागाकडे जाई. आमची खूण ही त्याचीच घरगुती बहीण. एका नोंदीसाठी टोकन दहा सेकंदांत एकदाच देण्याच्या नियमाने, नोंद पुसली की डेटाबेसवर तुटून पडणारी वाचणाऱ्यांची गर्दीही आवरली गेली: अशा गर्दीला बळी पडणाऱ्या काही नोंदींसाठी डेटाबेसवरचा उच्चांकी भार सेकंदाला १७,००० वरून १,३०० विनंत्यांवर आला, असं त्या निबंधात आहे. तो मी आधी वाचला असता, तर मधला महिना वाचला असता.

डेटाबेसच्या पोटातही हाच खेळ चालतो. ॲमेझॉन ऑरोरा या क्लाउड डेटाबेसात साठवणीच्या सहा प्रती तीन झोनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या डेटा सेंटरांत, असतात आणि त्यांपैकी चारांची पोच आली की लिहिणं पक्कं होतं. रेप्लिका तीच साठवण वाचतात, पण त्यांच्या मेमरीत पानांचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, स्वतःचा कॅश असतो. लिहिणाऱ्याकडून लॉगचा प्रवाह येतो आणि पान मेमरीत असेल तरच तो त्यावर लावला जातो. साठवण एक असूनही रेप्लिका किंचित मागे राहते ती याच कारणाने. क्लाउडवाल्यांकडून विकत घेतलं म्हणून हा प्रश्न नाहीसा होत नाही, फक्त तो एक मजला खाली सरकतो.

उरलेल्या भेगा

कमिट झालं आणि खूण ठेवायच्या आत ॲपचा सर्व्हर पडला तर? खूण लागणारच नाही. म्हणून दुसरी वाट ठेवली: पोस्टग्रेसच्या लॉगमधून, लॉजिकल डिकोडिंगने, बदल वाचणारा वेगळा प्रोसेस तीच खूण पुन्हा ठेवतो. आवृत्ती असल्यामुळे एकच खूण दोनदा आली, उशिरा आली, तरी बिघडत नाही. फेसबुकनेही कमिट लॉग वाचूनच नोंदी पुसल्या होत्या. मात्र या वाटेला पहारा हवा. वाचणारा प्रोसेस बंद पडला तर त्याच्यासाठी राखलेला लॉग प्रायमरीच्या डिस्कवर साचत जातो आणि डिस्क भरली तर सगळंच थांबतं. त्यासाठी अलार्म लावला आहे.

रेडिसची मेमरी भरली तर खुणा हाकलल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यासकट बॅचच्या नोंदी वेगळ्या, काहीही न हाकलणाऱ्या रेडिसवर आहेत. तरीही रेडिसची स्वतःची प्रत असिंक्रोनस आहे, म्हणजे ती मागाहून भरते. मुख्य रेडिस पडून दुसरं पुढे आलं तर शेवटच्या काही खुणा हरवू शकतात. ही भेग आम्ही बुजवलेली नाही.

बुजवली नाही, कारण तोवर आम्ही एक गोष्ट केली होती जी पहिल्या दिवशी असायला हवी होती. बिल करताना साठा प्रायमरीवरच वजा होत होता, 'साठा पुरेसा असेल तरच' या अटीसह. पण स्थिती मात्र आम्ही कॅशमधून आलेल्या माहितीवरून तपासत होतो. अटीत चार शब्द वाढवले: 'आणि बॅच चालू असेल'. आता कॅश काहीही म्हणो, रोखलेल्या बॅचचं बिल प्रायमरी होऊच देत नाही. यादी दाखवायला कॅश, हो म्हणायला प्रायमरी. आवृत्ती, खुणा, लॉग वाचणारा प्रोसेस ही सगळी मेहनत यादी खरी दिसावी म्हणून आहे, आणि ती मी पुन्हाही करीन. चुकीची यादी बघून केमिस्ट दिवसभराच्या औषधांची आखणी करतो. पण रुग्णापर्यंतची वाट त्या चार शब्दांनी अडवली.

आता एक छोटा प्रोसेस प्रत्येक बदलानंतर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी कॅशमधली आवृत्ती प्रायमरीशी ताडून बघतो आणि फरक दिसला तर त्या नोंदीचा सगळा भरण्या-पुसण्याचा लॉग जपून ठेवतो. मेटाने २०२२ मध्ये त्यांच्या पोलॅरिस या तपासनिसाबद्दल लिहिलं होतं. अशाच ताडण्यातून त्यांनी 'टाओ' या कॅशची सुसंगती सहा नऊवरून दहा नऊवर नेली, म्हणजे ९९.९९९९ टक्क्यांवरून ९९.९९९९९९९९ टक्क्यांवर. आमचं माप त्याच्या नखाएवढंही नाही, पण ताडून बघितल्याशिवाय शिळी नोंद कळत नाही, हे दोघांनाही लागू आहे. तेच ताई काचेखालच्या पत्रावरून करत होत्या.

सगळ्यात शेवटी राहिला केमिस्टच्या हातातला फोन. ॲपसुद्धा यादी स्वतःकडे साठवून ठेवतं, आणि तिथे आमची खूण पोचत नाही. म्हणून ऑर्डरसोबत आता प्रत्येक बॅचची आवृत्तीही येते, आणि जुनी असेल तर सर्व्हर ती ओळ परत पाठवतो. त्यासाठी मी संदेश लिहिला होता: 'माहिती कालबाह्य झाली आहे.' पहिल्याच सकाळी फोन सुरू झाले. केमिस्टांनी वाचलं होतं, औषध कालबाह्य झालं आहे. एक्स्पायरी झालेला माल यादीत कसा, असं ते विचारत होते. ताईंनी तिथल्या तिथे दुसरं वाक्य सांगितलं, आणि तेच आज ॲपवर आहे: 'या बॅचची नोंद आत्ताच बदलली आहे. यादी पुन्हा उघडा.'